गल्लीत शेवटी बांधलेलं घर

रविवार, रात्र

विकत घ्यायचं म्हणून आम्ही पाहिलेलं घर मनात भरलंय, हे आधी लिहून टाकते. बांधून सात वर्षं झालीत, खोल्या मोकळ्या आहेत, वायरिंग आणि नळ-पाइप सगळं नव्या पद्धतीचं. कोणती खोली कोणाची यावरून मुलांची भांडणंसुद्धा सुरू झाली. दलालाने दिलेल्या कागदावर एक ओळ ठळक छापली आहे: ‘शहराच्या सरासरी दरापेक्षा कमी.’ संध्याकाळपासून मी त्या ओळीपाशीच अडकलेय.

शहराची सरासरी कुणाच्याही घराची किंमत नसते. मध्यवस्तीतले छोटे फ्लॅट आणि वेशीवरचे प्रशस्त बंगले तिच्यात एकत्र मिसळलेले असतात. मोजकीच पण खूप महाग घरं विकली गेली की आकडा वर जातो, एकाही घराचा भाव वाढलेला नसला तरी. म्हणून तर 1963 मध्ये बेली, मथ आणि नोर्स या अमेरिकी अभ्यासकांनी वेगळी वाट काढली. दोनदा विकलं गेलेलं तेच घर घ्यायचं आणि त्याच्याच दोन किमतींची तुलना करायची. 1987 मध्ये केस आणि शिलर या अर्थतज्ज्ञांनी ती पद्धत सुधारली, घरांच्या किमतींचा त्यांच्या नावाचा निर्देशांक पुढे प्रसिद्ध झाला. पण जे घर बांधल्यापासून एकदाही पुन्हा विकलं गेलेलं नाही, ते अशा मोजणीत येतच नाही. आम्ही पाहिलेलं घर नेमकं तसंच आहे. पहिल्या मालकाने नवेपणासाठी जे जास्तीचे पैसे मोजले, त्यातले किती आज सुटतील हे अजून बाजाराने सांगितलेलंच नाही.

म्हणून मी शहर बाजूला ठेवून गल्लीकडे वळले. आजूबाजूची घरं जुनी, बहुतेक बैठी, साधारण 1,200 चौरस फुटांची. हे 2,000 चौरस फुटांचं. गल्लीचा चौरस फुटाचा दर घेऊन 2,000 ने गुणायचं, असं पटकन मनात येतं, पण ते बरोबर नाही. प्लॉट सगळ्यांचे सारखेच आहेत. जमिनीची तीच किंमत इथे जास्त चौरस फुटांवर वाटली जाते, त्यामुळे एरवी सगळं सारखं असेल तर मोठ्या घराचा दर कमीच बसायला हवा. शिवाय गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या घराला शेजार खाली ओढतो. एवढे पैसे खर्च करू शकणारा माणूस फक्त याच गल्लीत बघत नाही. जिथे सगळीच घरं अशी आहेत, तिथेही तो चक्कर मारून येतो. मोठ्या घरांमधल्या लहान घराला मात्र तोच शेजार वर उचलतो.

जमिनीचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. नोल, शुलारिक आणि स्टेगर या अर्थतज्ज्ञांनी 2017 मध्ये 14 देशांतल्या 1870 ते 2012 पर्यंतच्या घरांच्या किमती तपासल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वाढीतला सुमारे 80 टक्के वाटा जमिनीचा निघाला. मी आमच्यापुरता हिशोब मांडून पाहिला. समजा जमीन वर्षाला 5 टक्के वाढते आणि बांधकाम 2 टक्के झिजतं. किमतीत जमीन 70 टक्के असेल तर एकूण वाढ 2.9 टक्के. जमीन 30 टक्केच असेल तर 0.1 टक्का, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. या घराची जमीन शेजाऱ्यांइतकीच, पण वर मोठं बांधकाम उभं असल्यामुळे किमतीतला तिचा वाटा शेजाऱ्यांपेक्षा कमी. हे मला मनापासून खटकतंय.

ह्यांचं म्हणणं वेगळं. “जुनं घर घेतलं तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरिंग, सगळं आपल्याच गळ्यात येणार ना?” बरोबर आहे त्यांचं. पण मग ते आकड्यात उतरायला हवं. गल्लीतलं अलीकडे विकलं गेलेलं जुनं घर घ्यायचं, त्याच्या मिळालेल्या किमतीत (मागितलेल्या नव्हे) हा सगळा खर्च मिळवायचा, जास्तीच्या खोल्यांचे पैसे धरायचे आणि मग या घराशेजारी तो आकडा ठेवायचा. नवेपणाची किंमत एवढीच. त्याच्यावर जे मागितलं जातंय, ते रंगाचं आणि चकाकीचं.

बाबांनी चकाकीकडे पाहिलंच नाही. खिशातून नाणं काढून ते खोलीभर फरशी वाजवत फिरले. हॉलमध्ये आवाज भरीव येत होता, बाथरूमच्या दाराशी एकदम पोकळ, म्हणजे तिथली फरशी खालून सुटलेली असू शकते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली एक भेग त्यांनी दाखवली आणि तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खुणा केल्या. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. तिरपी भेग खुणेच्या पुढे सरकली, तर मात्र पाया बसतोय का ते इंजिनिअरला विचारायचं. विकणाऱ्या काकूंनी खुणा करू दिल्या, याचं मला बरं वाटलं.

एक गोष्ट बाकी आहे आणि सगळा हिशोब तिच्यावर फिरू शकतो. गल्लीच्या कोपऱ्यावर एक जुनं घर पाडलंय, परांच्या उभ्या आहेत. इतरांनीही अशीच नवी घरं बांधायला घेतली, तर हे घर गल्लीत वेगळं पडणार नाही, शेजारच त्याच्या बरोबरीला येईल. पण तिथे उंच इमारत उठणार असेल तर मागच्या दोन खोल्यांचा उजेड जाईल. उद्या आधी त्या बांधकामाचा मंजूर नकाशा कुठे बघायला मिळतो याची चौकशी करते. दलालाकडून गल्लीतल्या झालेल्या व्यवहारांचे आकडे हवेत, घर किती दिवस विक्रीला आहे तेही. ते हातात आल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, असं आमचं दोघांचं ठरलंय.