दोघांत एक रॉड: झऱ्याच्या ओढ्यावरची नोंद

या वेळी फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली माशीनं मासे धरायला, निघण्याआधीच गटानं एक नियम ठरवून टाकला होता: दोघांत एकच रॉड. आम्ही सहा जण, म्हणजे तीन जोड्या. एकानं कास्ट करायचा (लाइन फेकायची), दुसऱ्यानं काठावर बसून मासा बघायचा आणि सांगत राहायचं. मासा लागला किंवा बुजला की अदलाबदल. झऱ्याच्या ओढ्यावर ट्राउट माशासाठी जाणाऱ्या प्रत्येक गटानं हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. माझा ड्रिफ्ट, म्हणजे माशी प्रवाहाबरोबर मोकळी वाहू देणं, या एका फेरीत जितका सुधारला, तितका एकट्यानं केलेल्या सरावात कधी सुधारला नव्हता.

झऱ्याचं पाणी जमिनीखालून येतं, त्यामुळे त्याचं तापमान फारसं हलत नाही. सकाळी थर्मामीटर बुडवला तेव्हा १० अंश सेल्सिअस होतं, दुपारी ११. चुनखडीतून आलेलं पाणी सुपीक असतं. पाणगवताचे लांबलचक पट्टे, त्यात गॅमरस या कोळंबीसारख्या छोट्या जीवांचा सुळसुळाट, वर बीटिस आणि मिज हे बारीक कीटक. माशाला खायला इतकं आयतं मिळतं की तो एका जागी स्थिर राहून निवडून खातो. आणि पाणी काचेसारखं नितळ, म्हणून त्याला सगळं दिसतं.

सगळं म्हणजे नेमकं काय, यावर वाटेत बराच वेळ बोलणं झालं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं जग पृष्ठभागावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. तिचा व्यास मासा जितका खोल असेल त्याच्या साधारण सव्वादोन पट. १० सेंटीमीटर खाली असलेल्या माशाला जेमतेम २३ सेंटीमीटरचं वर्तुळ. त्याच्या बाहेरून गेलेल्या माशीचे पाण्याला टेकलेले पायच काय ते त्याला कळतात. म्हणजे वर येऊन खाणाऱ्या माशाला माशी त्याच्याच रेषेत, तळहाताएवढ्या फरकानं द्यावी लागते. लांब कास्टपेक्षा नेमका कास्ट इथे जास्त कामाचा.

माझी जोडी गटातल्या ज्येष्ठ काकांबरोबर होती. आभाळ भरून आलेलं, हवा दमट, म्हणजे ब्लू-विंग्ड ऑलिव्ह या छोट्या पाणमाश्यांचा हॅच (पाण्यातून एकदम बाहेर येणं) होणार हे उघड होतं. अशा हवेत त्यांचे पंख लवकर वाळत नाहीत आणि त्या पाण्यावर जास्त वेळ बसून राहतात. काका पोलराइज्ड गॉगल लावून माशाच्या मागच्या बाजूला झुडपाआड बसले, मी वरच्या अंगाला बराच लांब, गुडघ्यावर. पाणगवताच्या दोन पट्ट्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत एक ब्राउन ट्राउट ठरावीक लयीत वर येत होता.

काका दबक्या आवाजात म्हणाले, "वर आला. घेतलं. बुडबुडा नाही." थोड्या वेळानं पुन्हा, "बुडबुडा नाही रे. थांब, टाकू नकोस."

ही नोंद लिहावीशी वाटली ती याच वाक्यामुळे. ट्राउट पृष्ठभागावरची माशी घेतो तेव्हा तिच्याबरोबर हवाही तोंडात जाते, ती कल्ल्यांतून बाहेर पडते आणि वलयात बुडबुडा राहतो. बुडबुडा नसेल तर तो बहुधा पृष्ठभागाच्या लगेच खालचं काहीतरी खातोय. खरोखरच तरंगणाऱ्या माश्या त्याच्या नाकावरून जात होत्या आणि तो एकीलाही तोंड लावत नव्हता. मी ड्राय फ्लाय (तरंगणारी नकली माशी) काढून २० नंबरचा फेझंट टेल निम्फ (पाण्याखाली वाहणारी नकली माशी) बांधला. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांनी तो दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेनं बांधायची पद्धत रुळवली. बारीक, गुळगुळीत, पाण्यात सहज शिरणारा. तो फार खाली जाऊ नये म्हणून टिपेटला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला, शेवटची चार बोटं सोडून ग्रीस लावलं.

टिपेट ६ एक्स. नव्या लोकांसाठी हिशेब सोपा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ६ एक्स म्हणजे ५ हजारांश, सुमारे ०.१३ मिलिमीटर.

खरी अडचण ड्रॅगची, म्हणजे लाइननं माशी प्रवाहाविरुद्ध ओढली जाण्याची. पाणगवतामुळे हातभर रुंदीतच प्रवाहाचे तीन वेगळे वेग असतात. मी वरून खाली, रीच कास्टनं (फेकताना रॉड एका बाजूला नेऊन) माशी सोडत होतो, म्हणजे टिपेटच्या आधी माशी माशापर्यंत पोचते आणि ढिली लाइन तिला मोकळं ठेवते. जिथे मला सगळं छान वाहताना दिसत होतं, तिथे काका सांगत होते, "शेवटच्या वीतभरात ओढली गेली." तो ड्रॅग माझ्या जागेवरून दिसणं शक्यच नव्हतं. हुकलेली माशी लगेच न उचलता माशाच्या बाजूनं पूर्ण खाली जाऊ द्यायची आणि मगच लाइन उचलायची, हेही त्यांनी लावून धरलं. रीच आणखी वाढवला, टिपेटमध्ये अर्धा मीटर भर घातली. मग पाण्यात माशाच्या तोंडाची आतली पांढरी बाजू क्षणभर उघडली आणि "उचल!" ऐकू येताच रॉड वर गेला.

बार्ब (उलटा काटा) नसलेला गळ जाळ्यातच, पाण्याखालीच सुटला. अंगावरच्या लाल ठिपक्यांभोवती फिकट कडी होती. प्रवाहाकडे तोंड करून धरलं, आणि त्यानं शेपटी मारली तशी बोटं सैल केली.

गटानं जायचं तर चालण्याची शिस्त हवीच. पुढच्या जोडीला ओलांडताना काठापासून लांबून वळसा घ्यायचा. पाण्यात कमीत कमी उतरायचं, कारण उठलेला गाळ खालच्या जोडीच्या पाण्यात जातो. उथळ जागी धुतल्यासारखी फिकट खडी दिसली की तिथे पाय अजिबात ठेवायचा नाही, ती माशांनी अंडी घालायला केलेली जागा असू शकते. परतल्यावर वेडर्स (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक पँट) आणि बूट घासून, पूर्ण वाळवून मगच दुसऱ्या पाण्यावर न्यायचे.

पुढच्या फेरीत मी आधी काठावर बसणार आहे. बुडबुडा, नाक, पाठ, शेपटी यांतलं काय दिसलं ते जोडीदाराला वेळेवर सांगण्याचा सराव मला हवाय. आणि डाव्या बाजूचा रीच कास्ट अजून उजव्याइतका पसरत नाही, त्यावर तोपर्यंत गवतावर काम चालू आहे.