खरेदीची वही

नागपुरात धंतोलीतल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे मी पेशंटची हिस्ट्री घेते. फोनवर नंबर लावतानाच सांगून ठेवते: जुन्या चिठ्ठ्या आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा आणि घरचं एक माणूस सोबत आणा. चिठ्ठ्या येतात. माणूस आणायला लोक टाळतात.

इतवारीतले एक कापड दुकानदार मात्र बायकोसोबत आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) दिवाळीनंतर दुकानात पाय ठेवला नव्हता. दाढी वाढलेली, प्रत्येक उत्तराला वेळ. मी विचारलं, "याच्या उलट कधी झालं का? झोप कमी, तरी थकवा नाही, असं?"

"नाही. दिवाळीच्या आधी तर तब्येत एकदम फर्स्टक्लास होती."

हे उत्तर नेहमीचंच. तेजीचे दिवस कुणी आजारात धरतच नाही. बायपोलर, म्हणजे मन कधी तेजीत तर कधी नैराश्यात जाण्याचा आजार, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. थायरॉईड बघतात ते दुसरं काही नाही ना यासाठी. त्यामुळे मदार सगळी अशा सांगण्यावर, आणि सांगणारा अर्धंच सांगतो.

ताईंनी पिशवीतून लाल पुठ्ठ्याची वही काढली. "मॅडम, हे पाहा बरं."

सप्टेंबरची पानं बारीक अक्षरात, ओळीला एक नोंद. ऑक्टोबरच्या मध्यापासून अक्षर दुप्पट, तिरकं, रेघा सोडून पळणारं. समासात फोन नंबर, मध्येच अमरावतीच्या शाखेचा नकाशा. अख्ख्या सीझनला पुरेल एवढा सुरतेचा माल नऊ दिवसांत मागवलेला.

"रात्री दोनपर्यंत गोदाम लावत बसायचे, पाचला पुन्हा तयार. मी म्हणायची, झोपा ना जी. तर म्हणे, तुले धंदा समजत नाही."

"अमरावतीचं चुकलं," ते म्हणाले, "पण माल विकला असता."

हायपोमेनिया, म्हणजे सौम्य तेजी, म्हणायला सलग 4 दिवस तरी लागतात, मेनियाला, म्हणजे तीव्र तेजीला, आठवडा. इथं तारखा वहीतच होत्या. जुनी चिठ्ठी काढली तर नैराश्याची गोळी सप्टेंबरअखेर सुरू झालेली, म्हणजे गोळी आधी, तेजी नंतर. बायपोलरमध्ये नुसती ती गोळी कधीकधी माणसाला दुसऱ्या टोकाला नेते, म्हणून हा क्रम मी कागदावर सगळ्यात वर लिहिला.

घरात आधी कुणाला? दोघं गप्प. मग ताईच बोलल्या: सासऱ्यांचे भाऊ मेंटल हॉस्पिटलात भरती होते, घरात विषय काढत नाहीत. ज्या शहरात ऑटोवाल्याला आजही 'पागलखाना चौक' म्हणूनच पत्ता सांगतात, तिथं विषय कोण काढणार?

डॉक्टरांनी त्या दिवशी आजाराचं नाव पक्कं केलं नाही. गोळी बदलायचं ठरवलं, थायरॉईड आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) लिहून दिलं. पुढं मूड स्थिर ठेवणारं लिथियम द्यायची वेळ आलीच तर दोन्ही लागतात. झोपेच्या तासांची नोंद ताईंकडे दिली.

निघताना ते पहिल्यांदाच आपणहून बोलले. "वही ठेवू नका मॅडम. माल परत करायचाय, नोंदी त्यातच हायत." मी पानांचे फोटो काढून घेतले.