निरंक

"तुम्ही तर तपासणीला जात होतात ना? मग तुम्हाला कळलं कसं नाही?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या वर्गात विचारलाय, आणि कुठल्याही बालगृहाची बातमी पेपरात आली की सकाळी नऊच्या आत कुणीतरी फोन करून विचारतंच. नणंदेनं विचारला तेव्हा मी भरलं ताट सोडून उठले होते. सहा वर्षं मी आमच्या जिल्ह्याच्या, बालगृहांना भेटी देणाऱ्या तपासणी समितीवर होते. आजवर सगळ्यांना तुटक उत्तरं दिली. एकदा नीट सांगते.

आधी माझी बाजू. बाल न्याय कायद्याचं कलम ५४ सांगतं की प्रत्येक संस्थेत तीन महिन्यांतून किमान एकदा जायचं. पथकात कमीत कमी तीन माणसं, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि आठवड्याच्या आत अहवाल. आमच्या जिल्ह्यात तेव्हा सतरा संस्था होत्या. म्हणजे वर्षाला अडुसष्ट भेटी. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला स्वतःची गाडी नव्हती, आणि डॉक्टर यायचे ते सिव्हिलमधली ओपीडी दुसऱ्याच्या गळ्यात टाकून. तिघांच्या तारखा जुळवायच्या तर चार दिवस आधी फोन करावे लागतात. चार दिवस आधी फोन झाले की ते संस्थेपर्यंत पोचतात. कुणी फितूर असावं लागत नाही. ड्रायव्हर विचारतो, कुठं जायचंय, आणि विषय संपला. आम्ही पोचायचो तेव्हा दारात रांगोळी असायची.

हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं सांगून झालं तरी मला ऑगस्टमधला तो दिवस टाळता येत नाही.

तालुक्याच्या गावातलं मुलींचं बालगृह. पाऊस धो धो. आम्ही पोचलो साडेअकराला. डॉक्टरांना दोनला परत जायचं होतं, त्या दिवशी पोस्टमॉर्टेम त्यांच्याकडे होतं. पोहे झाले, चहा झाला. दाखल नोंदवही, हजेरी, औषधांची वही, आहाराचा तक्ता, सगळं टेबलावर मांडून ठेवलेलं. वह्या इतक्या स्वच्छ होत्या की मला बरं वाटलं. मुली ओळीनं उभ्या राहिल्या आणि एका सुरात "नमस्ते मॅडम" म्हणाल्या. अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीचे केस अगदी मुळापासून कापलेले होते. मी तिला विचारलं, "का गं, केस का कापले?" उत्तर काळजीवाहक बाईंनी दिलं, "उवा झाल्या होत्या, मॅडम." मी मान डोलावली. बाईंना बाहेर जायला सांगायचा मला अधिकार होता. एरवी मी सांगायचेही. त्या दिवशी घड्याळात एक वाजत आला होता.

मग तक्रारपेटी. नियम असा की पेटी कार्यालयापासून लांब, मुलींच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे संस्थेबाहेरच्या माणसाकडे. दर आठवड्याला मुलींच्या बाल समितीसमोर ती उघडायची. इथं पेटी अधीक्षिकांच्या दाराशेजारी भिंतीवर होती. अधीक्षिकांनी टेबलाचा खण ओढला, किल्ली काढली, पेटी उघडून दाखवली. आत काही नव्हतं. मी तपासणीच्या छापील नमुन्यात लिहिलं, तक्रारपेटी: आहे. तक्रारी: निरंक.

निघताना जिन्यावर ती केस कापलेली मुलगी उभी होती. हळूच म्हणाली, "मॅडम, त्या पेटीची किल्ली कुणाकडं असते?"

मी तिला नियम सांगितला. म्हणाले, "अध्यक्षांकडे असते बाळा. दर आठवड्याला उघडतात."

पाच मिनिटांपूर्वी मी ती किल्ली खणातून निघताना बघितली होती. तरी माझ्या तोंडून नियम बाहेर पडला. ती काही बोलली नाही, वर निघून गेली. आणि मला गाडीत समाधान वाटलं, की मुलीला पेटी ठाऊक आहे, किल्लीबद्दल विचारण्याइतकी ती हुशार आहे. अहवालात मी एक ओळ जास्तीची घातली: "मुलींना तक्रारपेटीविषयी माहिती आहे."

सात महिन्यांनी शाळेतल्या एका बाईंमुळे ते बाहेर आलं. रात्री कोठीच्या खोलीत कोंडणं, उपाशी ठेवणं. केस कापणं ही शिक्षा होती, उवांचा काही संबंध नव्हता. शाळेतल्या बाईंनी फक्त एवढंच केलं होतं की एका मुलीला डबा का आणला नाहीस ते विचारलं, आणि ती रडायची थांबेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या. मुलांना कुठं ठेवायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर संस्थेच्या वकिलांनी माझा अहवाल वाचला. तक्रारी निरंक. मुलींना तक्रारपेटीविषयी माहिती आहे. माझी सही, तारीख, सगळं व्यवस्थित. माझा कागद त्यांचा बचाव झाला होता.

मधल्या सात महिन्यांत आणखी दोन भेटी झाल्या होत्या. दोन्हींत मी नव्हते, हे मी त्या वेळी सगळ्यांना आवर्जून सांगितलं. आज ते सांगायची लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, मग नमुना वाईट आहे, बदला. इथं माझं माझ्याशीच भांडण आहे. नमुना हवा म्हणून ओरडणाऱ्यांत मीच होते. जुने तपासणी अहवाल मी वाचलेत: "संस्थेस भेट दिली. सर्व ठीक आढळले." दीड ओळ. ४६ नंबरचा नमुना आला तेव्हा मला वाटलं होतं, आता कुणाला दीड ओळीत सुटता येणार नाही. आणि ते खोटंही ठरलं नाही. संडास किती, मुलं किती, रात्री कोण असतं, हे लिहावं लागलं म्हणून कितीतरी ठिकाणी संडास बांधले गेले. मोजलं नसतं तर तेही झालं नसतं. पण मोजणीत एक खोड आहे: जिथं पोर गप्प आहे तिथं सगळ्यांत चांगला आकडा येतो. पेटीत पाच चिठ्ठ्या निघाल्या तर त्या संस्थेला नोटीस, आणि पेटी रिकामी तर ती उत्तम. ज्या घरात मुलं तक्रार करायला धजतात त्या घराला आम्ही शिक्षा देत होतो.

वरच्या पातळीवरही तेच. कायद्यानुसार जिल्हाधिकारी दर तीन महिन्यांनी बाल कल्याण समितीच्या कामाचा आढावा घेतात. चांगली गोष्ट आहे, मी तिच्या बाजूनं भांडलेय. आढाव्यात विचारतात, प्रकरणं किती, निकाली किती, चार महिन्यांवर प्रलंबित किती. मूल घरी पाठवलं की प्रकरण निकाली. ते घरी जेवतं का, त्याच काकाच्या खोलीत झोपतं का, हे पुढच्या आढाव्यात येत नाही. ते पुन्हा स्टेशनवर सापडलं तर नवं प्रकरण म्हणून येतं.

मुझफ्फरपूरचं नाव माझ्यासमोर नेहमी घेतलं जातं. तिथल्या बालिकागृहात सरकारी माणसांची ये-जा होती. मुलींवरचे अत्याचार उजेडात आले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटानं २०१७ मध्ये बिहारच्या संस्थांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं तेव्हा. बाहेरची माणसं होती आणि ती मुलींशी बोलत बसली. जानेवारी २०२०मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं १९ जणांना दोषी ठरवलं. त्यांत जिल्ह्याचे बाल संरक्षण अधिकारी होते, बाल कल्याण समितीचे अध्यक्ष होते. ज्यांनी लक्ष ठेवायचं तेच. लोक मला ते ऐकवतात तेव्हा मी चिडते, म्हणते, मी त्यांच्यातली नाही. नाहीच. मी कुणाला हात लावला नाही, कुणाचा पैसा घेतला नाही. पण जिन्यावरच्या त्या मुलीला माझ्यात आणि त्यांच्यात फरक कसा कळावा? मीही पोहे खाल्ले होते.

तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं. मी भेटायला जायचं ठरवलं होतं. भेटून काय बोलायचं ते सुचलं नाही, आणि मी गेले नाही.

माझी मुदत संपली. माझ्या जागी आलेली मुलगी अधूनमधून फोन करते. परवा म्हणाली, "ताई, पेटी रिकामीच निघाली तर निरंक नाही तर काय लिहू?" मी म्हटलं, किल्ली कुणाच्या हातातून आली ते लिही. ती म्हणाली, त्याला रकाना नाही. समासात लिही म्हटलं, तर आता सगळं मोबाईलवर भरायचं असतं, तिथं समास नाही. फोटो जोडता येतो, एवढं म्हणाली.

मग फोटो काढ, मी म्हटलं. पेटी आणि अधीक्षिकांचं दार दोन्ही एकाच फोटोत येतील असा.