सहा महिन्यांत सात

आमची रक्ततपासणीची लॅब तपासायला आलेल्या असेसर बाई रजिस्टर चाळत होत्या आणि मी मनातल्या मनात खूश होते. सॅम्पल रिजेक्शनचं, म्हणजे तपासण्यालायक नाही म्हणून नाकारलेल्या सॅम्पलचं रजिस्टर, सुवाच्य अक्षर, प्रत्येक नोंदीखाली सही. बाई शेवटच्या पानापर्यंत गेल्या, परत पहिल्यावर आल्या.

"कलेक्शन सेंटरं किती तुमची?"

"सहा."

"आणि सहा महिन्यांत रिजेक्शन सात?"

मी हो म्हटलं, जरा तोऱ्यातच. त्या हसल्या नाहीत. "रोज एवढ्या ट्यूब येतात. कुठे गुठळी होते, कुठे रक्त कमी पडतं, कुठे लेबल चुकतं. जगात सगळीकडे होतं. तुमच्याकडे होत नाही, की लिहीत नाहीत?"

आमची लॅब ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूला. आठ वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या बेंचवर काढल्यावर मला क्वालिटी मॅनेजर केलं. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं आणि मी भांडत नाही. पुढे दुसरं कारण खोटं ठरलं, ते सोडा. लॅबला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता हवी होती. ती आयएसओ 15189 या मानकावर मिळते, आणि त्याच्या 2022 च्या आवृत्तीत पेशंटला धोका कुठे होऊ शकतो हे आधीच शोधण्यावर बराच भर आहे. आम्ही वर्षभर फायली लावत होतो. धोका शोधणं म्हणजे धोक्याची फाईल तयार करणं, असाच आमचा समज.

त्या सात नोंदींपुढे 'मूळ कारण' या रकान्यात मीच सातही वेळा एकच वाक्य लिहिलं होतं: मानवी चूक, प्रशिक्षण दिले. बाईंनी त्यावर बोट ठेवलं, काही बोलल्या नाहीत, आणि एनसी लिहिली. एनसी म्हणजे मानकात न बसणारी गोष्ट. ठरलेल्या मुदतीत कारण शोधून, सुधारून, पुराव्यासकट कळवायचं.

लिहीत का नाहीत, हे मला खरं तर माहीत होतं. आमच्याकडे दंड होता. सॅम्पल रिजेक्ट झालं की सेंटरवरच्या मुलीच्या पगारातून दोनशे रुपये. रक्त काढल्यापासून चार तासांत सॅम्पल लॅबला पोचलं नाही तर आणखी शंभर. ऑपरेशन्सच्या साहेबांनी हे सुरू केलं तेव्हा महिनाभरात आकडे असे सुधारले की मालक डॉक्टर सरांनी सगळ्यांना पेढे वाटले. त्याच सुमाराला सर एका वर्कशॉपला जाऊन आले आणि जिन्यात 'कायझेन' (सतत छोट्या छोट्या सुधारणा करायची जपानी पद्धत) लिहिलेलं पोस्टर लागलं, खाली सूचनापेटी. पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एनसीचं उत्तर लिहीत बसले असतानाच कळव्याच्या आजींचा फोन आला. म्हणजे त्यांच्या मुलीचा. आजींचं पोटॅशियम आम्ही 6.1 दिलं होतं. नॉर्मल साधारण 3.5 ते 5.1. सहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून रिपोर्टची वाट न बघता आम्ही फोन करून कळवतो. तसं कळवलं, त्यांनी आजींना रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं, आणि तिथे पोटॅशियम निघालं 4.3. मुलगी आरडाओरडा करत नव्हती. ती फक्त एवढंच विचारत होती, "ताई, आता आम्ही कोणता रिपोर्ट खरा धरायचा?" आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

लॅबमध्ये निकाल पाच मिनिटांत लागला. कळव्याच्या सेंटरवर रक्त काढणाऱ्या मुलीचा हात जड आहे. रक्त काढताना जोर लावते, तांबड्या पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर येतं. कारण म्हणून हे चुकीचं नाही, असं होतंच. पण पेशी फुटल्या तर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, गुलाबी दिसतं, आणि आमचं मशीन त्याचा आकडाही देतं. आजींचं सीरम छान पिवळसर होतं, आकडाही स्वच्छ. मग मी गेल्या दोन महिन्यांची सगळ्या सेंटरांची पोटॅशियमं काढून मांडली. इतर सेंटरांची सरासरी सारखी, कळव्याची किंचित वर. किंचितच, म्हणून कोणाच्या डोळ्यांत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कळव्याला जाऊन बसले. सकाळी काही सापडलं नाही. मुलीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मात्र दिसलं. दुपारी निघणार, तर ती म्हणाली, "मॅडम, संध्याकाळी थांबा ना. संध्याकाळचं वेगळं असतं."

सहानंतर ऑफिसहून परतणारे लोक आईवडिलांना घेऊन येतात. तिने रक्त काढलं, पिवळ्या टोपणाच्या ट्यूब स्टँडला लावल्या, आणि साडेसातला सगळ्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या. स्पिन न करता, म्हणजे गरगर फिरवून सीरम पेशींपासून वेगळं न करता. कळव्याला ते फिरवणारं मशीन, सेंट्रिफ्यूज, नव्हतंच.

"पिकअप कधी येतो?"

"संध्याकाळचा बंद केला ना मॅडम, जुलैपासून. आता सकाळीच."

"आणि फ्रिजमध्ये का?"

तिने फोन काढून ग्रुपवरचा मेसेज दाखवला. पाठवणारे ऑपरेशन्सचे साहेब. 'सर्व सॅम्पल काढल्याबरोबर थंड ठेवणे. अपवाद नाही.'

तो मेसेज मूर्खपणाचा नव्हता, हे सांगायला हवं. उन्हाळ्यात साखरेचे रिपोर्ट कमी येतात अशा तक्रारी होत्या. ट्यूबमधल्या जिवंत पेशी ग्लुकोज खात राहतात, गरमीत जास्त. राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं, पण त्यालाही पूर्ण जोर धरायला तास-दोन तास तरी लागतात. थंडीने साखर वाचते. पण पेशींच्या भिंतीत पोटॅशियम आत ओढणारा जो पंप असतो, तो थंडीत मंदावतो. पेशी फुटत नाहीत, सीरम गुलाबी होत नाही, आणि पोटॅशियम रात्रभर हळूहळू बाहेर पाझरतं. साखरेसाठी बरोबर असलेली सूचना पोटॅशियमला मारक ठरली. त्यात पेट्रोल वाचवायला पिकअप बंद. दोन्ही निर्णय आमच्याच दुसऱ्या मजल्यावरचे, दोन वेगवेगळ्या महिन्यांतले, आणि त्यांची गाठ पडली कळव्याच्या फ्रिजमध्ये.

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा. सॅम्पल बारा-चौदा तास जुनं, तर कॉम्प्युटरने आम्हाला ओरडून सांगायला नको? मी तिला विचारलं, रक्त काढल्याची वेळ कुठली टाकतेस. ती गप्प. मग खाली बघत म्हणाली, "सकाळी पिकअपवाल्या दादाच्या हातात देते ती. नाहीतर प्रत्येक ट्यूबला शंभर रुपये जातात."

मला तिचा राग येईना. आठ वर्षांपूर्वी मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. सरांनी ज्या आकड्यांवर पेढे वाटले, ते आकडे असे तयार झाले होते.

हे सरांना सांगणं हा सगळ्यात अवघड भाग. मी आधी वाचनाची हौस भागवली. डेमिंग नावाचे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ 1950 मध्ये जपानला गेले, तिथल्या इंजिनिअरांना आणि कंपनीप्रमुखांना शिकवलं, पुढे त्यांनी व्यवस्थापनाचे 14 मुद्दे मांडले. त्यातला आठवा आहे, भीती घालवा. ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, "भीती घालवली तर उद्या सकाळी सातला सेंटर कोण उघडेल?" साहेब बाजूला बसून मान डोलावत होते.

मग मी वाद सोडला. संध्याकाळी माझंच रक्त दोन ट्यूबमध्ये काढलं. एक अर्ध्या तासाने, गुठळी झाल्यावर, स्पिन करून लावली. दुसरी तशीच रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी दोन्ही रिपोर्ट सरांच्या टेबलावर. पहिला 4.1, दुसरा 5.8. सर पॅथॉलॉजिस्ट आहेत, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. बराच वेळ कागद बघत बसले, मग म्हणाले, "जुलैपासून असे किती गेले असतील?" त्या दिवशी मला सर पहिल्यांदा मोठे वाटले. जुने रिपोर्ट काढून, संशय होता त्या प्रत्येकाला फोन करून फुकट फेरतपासणी करायचा निर्णय त्यांचाच.

बाकीचं पटपट झालं. दंड बंद. कळव्याला लहान सेंट्रिफ्यूज आलं, संध्याकाळचा पिकअप परत सुरू. आणि सर आठवड्यातून एकदा सकाळी सातला कुठल्यातरी सेंटरवर जाऊन तासभर उभे राहू लागले. पहिले दोन आठवडे त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात नौपाड्याच्या काउंटरवरच्या मावशी म्हणाल्या, "सर, उभेच आहात तर जरा बघा. जेवून दोन तासांनी पीपी साखरेसाठी परत येणारी माणसं त्याच रांगेत लागतात. रांगेतच त्यांचे अडीच तास होतात, मग कसली पीपी?" त्यांनी एक हिरवं कूपन सुचवलं: वेळ लिहिलेलं, वेगळ्या खुर्चीचं. खर्च शून्य. चार वर्षं मावशींना हे माहीत होतं. विचारलं कोणी नव्हतं, आणि पेटीला तर कुलूपच.

एनसी बंद झाली, मान्यता मिळाली. पण रजिस्टर भराभर भरायला लागलं. एका महिन्यातच नोंदी आधीच्या सहा महिन्यांच्या कितीतरी पुढे गेल्या, आणि मिटिंगमध्ये साहेबांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, सुधारणा सुरू केल्यापासून चुका वाढल्यात, असं दिसतंय?" मी समजावलं. त्यांना पटलं की नाही, सांगता येत नाही.

बहुधा नाही. कारण गेल्या महिन्यापासून जिन्यात कायझेनच्या पोस्टरशेजारी नवीन फळा लागलाय: महिन्याचं सर्वोत्कृष्ट सेंटर. निकष, सर्वात कमी रिजेक्शन. दंड नाही, बक्षीस आहे, असं साहेबांचं म्हणणं. पहिलं बक्षीस मिळालेल्या सेंटरवर महिन्याभरात एकही सॅम्पल रिजेक्ट झालेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी तिकडे जाणार आहे. आधी फोन करूनच जाईन, धाड घातल्यासारखं नको. फ्रिज तेवढा बघायचाय.