स्कारबरो: एका छोट्या गावातलं मोठं थिएटर

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या स्कारबरोला लोक समुद्रासाठी जातात, मी गेले स्टीफन जोसेफ थिएटर बघायला. यॉर्कहून ट्रेनने तासभरसुद्धा लागत नाही आणि स्टेशनबाहेर पडलं की रस्त्यापलीकडेच थिएटर, रिक्षा-टॅक्सीची भानगडच नाही. बिल्डिंग मूळची ओडियन सिनेमाची, १९३६ची. टॉकीज १९८८ला बंद पडली आणि १९९६ला तिथे नाटक आलं. आपल्याकडे सहसा उलटंच बघायला मिळतं, त्यामुळे हे वाचूनच मला भरून आलं होतं.

पण सुरुवात इथली नाही. १९५५च्या उन्हाळ्यात स्टीफन जोसेफ नावाच्या माणसाने गावच्या पब्लिक लायब्ररीत वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चारही बाजूंनी खुर्च्या मांडल्या आणि मधे नाटक सुरू केलं. पडदा नाही, कमान नाही, विंगा नाहीत. ब्रिटनमध्ये असं चहूबाजूंनी प्रेक्षक बसवून नाटक करणारी पहिली व्यावसायिक कंपनी हीच. त्याचं म्हणणं साधं होतं, नट आणि प्रेक्षक एवढे दोघे असले की नाटक होतं. मला एकदम आपलं छबिलदास आठवलं, दादरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने जे केलं तेच, फक्त जवळजवळ वीस वर्षं आधी.

१९५७ला या कंपनीत अ‍ॅलन एकबर्न नावाचा अठरा वर्षांचा मुलगा आला, बॅकस्टेज सांभाळायचा आणि छोटी कामंही करायचा. मिळालेल्या रोलबद्दल कुरकुर करायला लागला तर जोसेफ म्हणाला, मग स्वतःच लिही की चांगला रोल! त्याने खरंच लिहिलं, १९५९ला त्याचं पहिलं नाटक लागलं. त्याच सुमारास लंडनमध्ये सपाटून पडलेलं 'द बर्थडे पार्टी' त्याचा नाटककार हॅरॉल्ड पिंटरने स्वतः याच कंपनीसाठी बसवलं आणि त्यात स्टॅनलीचं काम एकबर्नने केलं. जोसेफ १९६७ला गेला, अगदी तरुण वयात. पुढे १९७२ ते २००९ एकबर्नने हे थिएटर चालवलं, मधली वीस वर्षं तर एका जुन्या शाळेच्या तळमजल्यावर, आणि नव्वदहून जास्त नाटकं लिहिली. त्यातली बहुतेक आधी स्कारबरोत झाली, लंडनला नंतर. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच, की राजधानीने पास केलेलं नाटक गावात येत नाही, गावाने बघितलेलं नाटक राजधानीत जातं.

'द वुमन इन ब्लॅक'चंच बघा. १९८७च्या ख्रिसमसला थिएटरकडे पैसे थोडेच उरले होते, म्हणून मोजक्या नटांत आणि जवळपास नेपथ्याशिवाय होईल असं काहीतरी हवं होतं, स्टीफन मॅलाट्रॅटने कादंबरीवरून ते लिहिलं आणि प्रयोग झाला थिएटरच्या बारमध्ये. तेच नाटक १९८९ ते २०२३ लंडनच्या वेस्ट एंडला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांच्या भागात चाललं, १३ हजारांहून जास्त प्रयोग!

आता आतलं सांगते. मुख्य थिएटर 'द राउंड', चहूबाजूंनी प्रेक्षक, ४०४ सीट्स. मी दुसऱ्या रांगेत होते. समोर सोफा, टीपॉय, कपबश्या, सगळं बुटकं, कारण उंच कपाट ठेवलं तर मागचे काय बघणार. नट आपल्याकडे पाठ करून बसला की आधी जरा चुकल्यासारखं वाटतं, मग लक्षात येतं की तो मानेने, खांद्यांनी काम करतोय, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते पलीकडच्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून कळतंय. बशीत कप ठेवताना नटीचा हात थरथरला तो आवाजसुद्धा ऐकू आला. इथे खोटं खपत नाही. वर बघितलं तर तारांची ताणलेली जाळी, त्यावर चालत जाऊन लाईट्स लावतात, आणि स्टेजखाली लिफ्ट आहे, सेट सरळ खाली नेता येतो.

दुसरं छोटं थिएटर मॅकार्थी, तिथे मात्र प्रेक्षक एकाच बाजूला. १९९९ला एकबर्नने 'हाउस' आणि 'गार्डन' ही दोन नाटकं दोन्ही थिएटरांत एकाच वेळी लावली, तीच नटमंडळी! इथून एक्झिट घेतली की पळत तिकडे एंट्री, आणि प्रेक्षकांनी दोन वेळा तिकीट काढून दोन्ही बघायची. टायमिंग कसं जमवलं असेल, मी अजून त्याच विचारात आहे.

जाणार असाल तर दुपारचा प्रयोग बघा, म्हणजे परतीच्या ट्रेनचं टेन्शन नाही, आणि आधी व्हर्नन रोडवरची ती लायब्ररी बघून या, चालत पाच-दहा मिनिटं.