मागितलंच नाही तर?

पाटण तालुक्यात डोंगराकडच्या एका उपकेंद्रावर मी आरोग्यसेविका आहे. बाळंतिणीच्या घरी गेलं की मी बाळाच्या आधी दोरीवरची लंगोटं बघते, सवयच लागलीये. आठवडाभराच्या बाळाने दिवस-रात्र मिळून निदान सहा वेळा तरी लंगोट ओलं करायला पाहिजे, आणि पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून घरभर लंगोटंच लंगोटं दिसतात. ह्या घरात चुलीवरच्या दोरीवर दोनच होती. तिसरं कोपऱ्यात पडलेलं, त्यावर विटेच्या रंगाचा डाग. लघवी कमी आणि घट्ट झाली की असा डाग पडतो, घरचे घाबरतात की रक्त आलं.

आशाताईंनी सकाळीच फोन केलेला. "सिस्टर, बाळ लय गुणाचं हाय, रडतच न्हाई, पण मला काटा बरा दिसंना." दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेटी द्यायच्या असतात, त्या सगळ्या भेटींचे मिळून आशाला 250 रुपये, आणि ही बाई भर पावसात झोळीचा वजनकाटा पिशवीत गुंडाळून ओढा ओलांडून गेली होती. जन्माचं वजन 2 किलो 500, तिसऱ्या दिवशी 2 किलो 350, हे चालतं, पहिल्या दिवसांत सगळीच बाळं थोडी उतरतात. पण सातव्या दिवशी 2 किलो 150. म्हणजे जन्मापासून 14 टक्के कमी, 10 टक्क्यांच्या पुढे गेलं की आमच्याकडे धोक्याची घंटा. बाळाला दारापाशी उजेडात नेऊन पोटऱ्यांवर बोट दाबून बघितलं तर कावीळ पायापर्यंत उतरलेली. शी अजून काळपट हिरवी.

आता घरच्यांचं ऐका. मध चाटवलेला नाही, गुटी नाही, पाणी नाही, चीक पहिल्या तासात पाजलेला, बाटली घरातच नाही. आम्ही जे जे सांगतो ते सगळं पाळणारं घर. "मागंल तवा पाजायचं म्हणलाय तुम्ही, त्यो मागतच न्हाई, निजून ऱ्हातोय," सासूबाई म्हणाल्या. पाचवीला आलेल्या सगळ्या बाया म्हणून गेल्या होत्या, काय शहाणं बाळ आहे. ह्या 'शहाण्या' बाळांची मला फार भीती वाटते. जरा आधी जन्मलेलं, वजनाला बेताचं, त्यात कावीळ, असं बाळ मागायलाच उठत नाही, उपाशी राहिलं की अजून गळतं आणि गळलं की अजून झोपतं.

आणि मागणारी दुसरी होती ना घरात! वीस महिन्यांची थोरली. मी बसलेली असतानाच ती आली, आईचा पदर ओढला, आई बसल्या बसल्या तिला घेऊन पाजायला लागली आणि पोरगी घटाघट प्यायली, गिळल्याचा आवाज मला समोर ऐकू येत होता. दुधाला काही कमी नव्हती. जी ओरडून मागत होती तिला मिळत होतं, जो झोपला होता तो राहून जात होता, आणि कुणीही मुद्दाम काही केलं नव्हतं.

102 ला फोन लावला, गाडी यायला वेळ होता. तेवढ्यात बाळाला उघडं करून, टोपडं तेवढं ठेवून, आईच्या छातीवर उभं बांधलं, वरून गोधडी. तळवे चोळले, पाठीवरून बोट फिरवलं, तोंड उघडलं पण दोन चोखे घेऊन परत झोप. मग दूध हाताने काढायला शिकवलं. हे मी कितीही घाईत असले तरी नीट शिकवते, कारण बाया बोंडशीच पिळतात, ती दुखते आणि दूध येत नाही. अंगठा वर, पहिलं बोट खाली, काळ्या भागाच्या कडेला, आधी मागे छातीकडे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे, सोडायचं, परत. बोटं कातडीवर घासायची नाहीत, जागेवरच ठेवायची. पहिलं मिनिटभर थेंब थेंब, मग धार लागली. थोरली वाटीत डोकावून बघत होती. उकळलेल्या बोंडल्याने, गिळतंय का बघत बघत, गाडी येईपर्यंत बाळाला थोडं थोडं दिलं.

सासूबाई म्हणाल्या, झोपल्या लेकराला कशाला उठवायचं, पाप लागंल. मी म्हटलं, मावशी, गोठ्यात वासरू उठलं नाही तर तुम्ही ते मागायची वाट बघता का? "न्हाय ओ, उचलून सडाला लावतो," म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्यानंतर त्या बाईने त्या बाळाला एकदाही तीन तासांच्या वर झोपू दिलं नाही, दवाखान्यात सुद्धा.

दवाखान्यात बाळ काही दिवस काविळीच्या दिव्याखाली ठेवलं, सुधारलं. घरी सोडताना मात्र आईला सांगितलं गेलं की थोरलीचं बंद करा, तिच्यामुळेच धाकट्याला पुरलं नाही. ह्याचा मला खरंच राग आला. स्तन जितकं रिकामं होतं तितकं दूध तयार होतं, धाकटा ओढत नव्हता त्या आठवड्यात आईचं दूध टिकलं ते थोरली पीत होती म्हणून. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा असं आपण भिंतीवर रंगवतो, आणि ऐन जुलाबाच्या दिवसांत वीस महिन्यांच्या पोरीचं दूध तोडायला सांगतो! मी एवढंच बदललं, आधी धाकटा, त्याचं झालं की मग थोरली. 28 व्या दिवशी काटा 2 किलो 850 वर होता.

मासिक मीटिंगला मी हे मांडलं तर एक सहकारी म्हणाली, मग काय परत घड्याळ लावून पाजायला सांगायचं? नाही. ठणठणीत बाळाला घड्याळ नकोच, संध्याकाळी तासातासाला मागितलं तरी द्यायचं. पण जन्माचं वजन भरून येईपर्यंत, आणि अशक्त बाळाला तर नक्कीच, तीन तासांवर जाऊ द्यायचं नाही, उठवायचं. आशाच्या भेटीच्या फॉर्मवर 24 तासांत किती वेळा पाजलं हे पण आहे, आपण फक्त मागेल तेव्हा पाजता का एवढंच विचारतो, आई हो म्हणते, आपण टिक करतो. आणि मागणं म्हणजे रडणं नाही हे तर कुणी सांगतच नाही, तोंड वळवणं, मूठ चोखणं, जीभ बाहेर काढणं, चुळबुळ, रडणं सगळ्यात शेवटी येतं.

आता मी शेवटचं कधी पाजलं, त्याआधी कधी, आणि बाळ आपणहून उठलं की उठवलं, असं विचारते. आशाताईंनी त्यांच्या वहीत तसा रकाना पण आखलाय. थोरलीचं दूध मात्र अजून वादात आहे, माहेरचे म्हणतात तोडा, सासूबाई माझ्या बाजूने, आणि आई दोघांनाही पाजतेय.