कॅच कॅन अपडेट: टर्बो ठणठणीत, ब्रीदरचा पाइप चोक

मंडळी, माझ्या गाडीतून तेल जळल्याचा निळा धूर येत होता, पण टर्बो गेलेला नाही! नव्या कार्ट्रिजची (टर्बोच्या आतल्या फिरत्या भागाची) ऑर्डर रद्द केली आणि लगेच लिहायला बसलो, कारण मागच्या वेळी तुमच्यातल्या निम्म्यांनी पिस्टनच्या रिंगा म्हटलं होतं, निम्म्यांनी व्हॉल्व्ह सील, आणि टर्बोवाल्याने तर सायलेन्सरमध्ये बोट फिरवून "बदलून टाका" एवढंच सांगितलं होतं.

आधी जे झालं होतं ते पटकन. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं, तेल टाकून परत मोजलं तरी आकडा फारसा हलला नाही, म्हणजे रिंगा नाहीत. टर्बोच्या शाफ्टला आडवा थोडा प्ले (ढिलेपणा) आहे, तो जर्नल बेअरिंगला असतोच, पुढे-मागे मात्र हाताला काही लागत नाही. आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरला हवा पुरवणाऱ्या पाइपांच्या) बाजूला कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून येणाऱ्या गॅसमधलं तेल पकडणारा डबा, बसवूनही निळा धूर तसाच, यानेच डोकं फिरलं होतं.

मग गाडी कसारा घाटात नेली. इगतपुरीहून खाली उतरताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून, गिअरमध्ये, नुसत्या इंजिन ब्रेकिंगवर उतरवली आणि कसाऱ्याला पोचल्यावर दाबून पाय दिला. मित्र मागच्या काचेतून बघत होता, काहीच नाही, एकदम स्वच्छ. व्हॉल्व्ह सील किंवा गाइड गेलेले असते तर पाय सोडल्यावर मॅनिफोल्डमध्ये होणाऱ्या एवढ्या व्हॅक्यूमनंतर तिथेच निळा भपका यायला हवा होता. परत वर चढताना फुल बूस्ट (टर्बोने दाबून दिलेली हवा), आणि इगतपुरीत आयडलला उभी केली तर मागे निळंच निळं. म्हणजे तेल जातंय ते बूस्टमध्ये, व्हॅक्यूममध्ये नाही. हे कळलं तेव्हा टपरीवरचा चहा असा गोड लागला म्हणून सांगू.

आता बूस्टमध्ये क्रँककेसचा, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतला, गॅस जातो कुठे? आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम त्याला पीसीव्हीतून (क्रँककेसचा गॅस मॅनिफोल्डकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) ओढतो. बूस्ट आला की पीसीव्हीचा चेक व्हॉल्व्ह बंद, आणि सगळा ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने खाली निसटलेला गॅस) ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसच्या श्वासाच्या, पाइपाने टर्बोच्या इनलेटकडे जायला हवा. माझा कॅन पहिल्या रस्त्यावर, त्यामुळे बूस्टमध्ये त्याचं कामच नाही! तेल बघायची डिपस्टिक अधूनमधून वर उचललेली सापडायची, त्याचंही उत्तर इथेच होतं, आत अडकलेला दाब.

अॅक्वेरियमच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, यू आकारात फळीवर बांधली, शाईचं पाणी भरलं आणि एक टोक डिपस्टिकच्या पाइपात घट्ट बसवून फळी मित्राच्या मांडीवर दिली. आयडलला पाणी दोन-तीन सेंटिमीटर इंजिनकडे ओढलेलं, जसं हवं तसं. त्र्यंबक रोडला मोकळा रस्ता मिळाल्यावर बूस्ट दिला तर पाणी उलटं चढायला लागलं, २० सेंटिमीटरचा फरक पार केला आणि नळीबाहेर आलं. २० सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण २० मिलिबार, वाचायला फुटकळ वाटतं. पण टर्बोत तेल जातं पंपाच्या दाबाने आणि परत संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) येतं नुसतं उतारावरून, तेही काही इंचांच्या. खालून एवढा दाब लागला की तेल उतरणारच नाही, टर्बोत साठणार, आणि तिथे रबरी सील नसतंच, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते, तिच्यातून टर्बाइनच्या गरम बाजूला जाऊन जळणार. ज्यांना ज्यांना "टर्बो गेला" सांगितलंय त्यांनी आधी ही नळी लावून बघा, कळकळीने सांगतोय, नवा टर्बो टाकला असता तर तोही असाच धुरावला असता.

ब्रीदरचा पाइप काढला तर आधीच्या मालकाच्या वेळी कुठल्यातरी गॅरेजने कूलंटच्या होजचा तुकडा टाकलेला. तो ईपीडीएम रबरचा, पाण्याला उत्तम पण तेलात फुगतो, आतून फुगून पेन्सिलसुद्धा जाईना. नायट्राइलचा तेलाला चालणारा होज आणला, तिथे स्वस्त होज नका घेऊ, क्लॅम्पवर हवी तेवढी बचत करा. आता बूस्टवर पाणी जेमतेम हलतं, आणि दुसऱ्या घाटफेरीत वर आयडलला थोडा धूर आला तो आधीचं साठलेलं तेल जळेपर्यंत, मग बंद.

कॅनबद्दल थोडं. ऑनलाइन स्वस्तात मिळतात ते बहुतेक आतून नुसते रिकामे डबे, तेलाची वाफ एका तोंडातून येते आणि दुसऱ्यातून निघून जाते. माझा अंबडच्या लेथवाल्याकडून बनवलेला, आत बॅफल (गॅस अडवणारे पडदे) आणि स्टीलची जाळी, जाळीवर भोकांची चकती दाबून बसवली आहे, कारण तारेचा तुकडा सुटून इनटेकमध्ये जाणं परवडणार नाही. काम सुंदर केलंय त्याने, दोन्ही थ्रेड एकदम सुरेख. थंडीत निफाडकडे पारा उतरला की कॅनमध्ये दुधी कॉफीसारखा चिखल निघेल, छोट्या फेऱ्यांत पाण्याची वाफ साचते तो. कूलंट कमी होत नसेल तर हेड गास्केट गेलं, कूलंट तेलात मिसळतंय, म्हणून घाबरू नका.

पुढचा प्लॅन ब्रीदरच्या बाजूला दुसरा कॅन असा होता, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, तेल आलं की कार्बन बसत राहतो. पण हे लिहितानाच लक्षात आलं की कॅन म्हणजे त्या रस्त्यात अजून एक अडथळा, त्यामुळे लेथवाल्याला थांबायला सांगतो, आधी नवीन होजवर घाटातलं रीडिंग लिहून घेतो, मग कॅनची दोन्ही तोंडं मूळ ब्रीदरच्या आतल्या व्यासाएवढी करून तेच रीडिंग परत. फळीऐवजी एखादा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) डिपस्टिकच्या पाइपाला जोडून लॉग घेता आला तर उत्तम, मित्राची मांडी मोकळी होईल. ज्याने सेन्सर जोडलाय त्याने सर्किट पाठवा, आणि हो, ओपन व्हेंट करून पाइप खाली सोडायचा सल्ला कृपया नको, केबिनमध्ये वास येतो आणि ते प्रदूषणाच्या नियमांतही बसत नाही.